कुळागराच्या राखणीला छोटं मॉडेल: कोणतं निवडावं?

गोव्यातल्या सत्तरीतल्या कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळांच्या बागेत, माकडं किंवा रानडुकरं शिरली की आवाजावरून ओळखून घरी कळवणारं यंत्र करायचंय, तर आवाज ओळखायला शिकवलेला छोटा प्रोग्राम, म्हणजे मॉडेल, निवडण्याआधी विजेचा हिशेब करा. ईएसपी३२ ही छोटी संगणक-चिप सतत जागी ठेवली तर रेडिओ (वाय-फाय) बंद असूनही साधारण ५० मिलिअँपिअर खाते; २५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसांत रिकामी. गाढ झोपेत चिपला १० मायक्रोअँपिअरच्या आसपास पुरतात. माइकजवळच्या कंपॅरेटरने (आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की इशारा देणाऱ्या सर्किटने) हाक मारल्यावरच ती उठली आणि वेळेतला दोन टक्के भागच जागी राहिली, तर तीच बॅटरी तीनेक महिने टिकेल. बोर्डाचा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) उधळा असेल तर अर्थातच कमी.

मॉडेलचे पर्याय दोन: नेहमी पूर्ण चालणारं एकाच आकाराचं, किंवा सोप्या आवाजाला मधूनच बाहेर पडू देणारं. क्वांटायझेशन, म्हणजे मॉडेलमधले आकडे कमी बिटांत साठवणं, दोन्हींत हवंच. ३२ बिटांची वजनं (मॉडेलने शिकलेले आकडे) ८ बिटांवर आणली की मॉडेल चौपट लहान होतं, आणि मेमरीतून आकडे आणण्यात जाणारी ऊर्जाही वाचते. सुटी सुटी वजनं शून्य करण्यात मात्र वेळ घालवू नका. ईएसपी३२सारख्या साध्या मायक्रोकंट्रोलरवर अख्खे फिल्टर (वजनांचे गट) काढले तरच वेग वाढतो.

आता निवड. एकाच आकाराचं मॉडेल बसवायला सोपं, त्याचा खर्च आधीच मोजता येतो. काजूच्या हंगामात, कोरड्या रात्री, ते पुरेसं आहे. पावसात गणित फिरतं. पोफळींवरून पाणी ठिबकत राहतं, कंपॅरेटर पुन्हा पुन्हा चिपला उठवतो, आणि नेमकं तेव्हाच सोलर पॅनेल ढगाखाली. इथे मधूनच बाहेर पडू देणारं मॉडेल कामाला येतं. २०१६ च्या ब्रँचीनेटची हीच कल्पना: सोपा नमुना मॉडेलच्या पहिल्या काही थरांतच (गणिताच्या पायऱ्यांत) निकाली काढायचा, अवघडासाठीच पुढचे थर चालवायचे. ‘हा पाऊसच’ एवढं पहिल्या टप्प्यावर कळलं तरी बरंच भागतं. बॅटरी उतरली की लवकर बाहेर पडण्याची अटही सैल करता येते, थोडी अचूकता गमावून. मात्र जास्तीचे टप्पे मेमरी खातात, आणि अवघड आवाजाला खर्च उलट वाढतो.

यंत्रावरच शिकवणं तूर्त नको. २०२२ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी २५६ केबी मेमरीत प्रशिक्षण करून दाखवलंय, पण रात्री दोन वाजता कुळागरात ‘हे माकड नव्हतं’ असं त्याला सांगणार कोण?

म्हणून उन्हाळ्यात साधं ८ बिटांचं मॉडेल बसवा. जूनपासून माइक आणि एसडी कार्ड घरच्या विजेवर ठेवून पावसाचे आवाज साठवा; पहिला टप्पा शिकवायला तेच लागतील.