दहा वर्षांचे क्रोमकास्ट: फर्मवेअरच्या अंगाने केलेले परीक्षण

गुगलने सप्टेंबर २०१५ मध्ये बाजारात आणलेले दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट आमच्या घरच्या जुन्या, साध्या एलईडी टीव्हीला आजही जोडलेले आहे आणि रोज वापरात आहे. भारतात ते २०१६ मध्ये ३,३९९ रुपयांना मिळू लागले. तळहातात मावणारी गोल चकती, तिच्यातून निघालेली आखूड एचडीएमआय वायर आणि विजेसाठी मायक्रो-यूएसबीचे छिद्र, एवढाच त्याचा पसारा आहे. सोबत रिमोट नाही. मोबाइलवर व्हिडिओ निवडून कास्टचे चिन्ह दाबले की तो टीव्हीवर सुरू होतो. मोबाइल केवळ काय दाखवायचे ते सांगतो आणि चकती तो व्हिडिओ थेट इंटरनेटवरून घेते. त्यामुळे मधेच फोन आला तरी टीव्हीवरचे चित्र थांबत नाही. चित्र १०८०पीपर्यंतच मिळते, फोर-के नाही, पण बत्तीस इंची पडद्यावर त्याची उणीव जाणवत नाही.

इतक्या जुन्या वस्तूचे परीक्षण आता लिहिण्याचे कारण तिचे फर्मवेअर आहे. यंत्राच्या आतला हा मूळ प्रोग्राम क्रोमकास्टमध्ये आपोआप बदलतो. अपडेट आता घ्यायचे की नंतर, घ्यायचे की नाही, हे ग्राहकाला विचारले जात नाही. सुरक्षेच्या दृष्टीने मला हे योग्य वाटते, कारण घरातील ज्येष्ठांनी सेटिंगमध्ये जाऊन अपडेट शोधावे ही अपेक्षा अवाजवी आहे. मात्र आपल्याकडच्या एका सवयीशी या व्यवस्थेचे जुळत नाही. झोपण्यापूर्वी टीव्ही बोर्डवरच्या बटणापासून बंद करणारी घरे असंख्य आहेत, आणि चकतीला वीज टीव्हीच्याच यूएसबीमधून दिलेली असली तर टीव्हीबरोबर तीही बंद पडते. मग रात्री निवांत उतरायचे अपडेट नेमके संध्याकाळी बातम्या लावताना उतरू लागते, आणि पडद्यावर काहीच हलत नाही असे पाहून कोणीतरी बटण बंद करते. अपडेट अर्धवट असताना वीज तोडणे कोणत्याही यंत्रासाठी धोक्याचे असते. म्हणून क्रोमकास्टला सोबत आलेल्या अ‍ॅडॉप्टरवरून स्वतंत्र वीज द्यावी आणि तो प्लग चालू ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

या यंत्राची खरी परीक्षा मार्च २०२५ मध्ये झाली. त्या महिन्याच्या ९ तारखेला जगभरातील दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट आणि स्पीकरला जोडायची क्रोमकास्ट ऑडिओ ही यंत्रे एकाएकी कास्ट स्वीकारेनाशी झाली. या यंत्राची पडताळणी करता येत नाही, त्याचे फर्मवेअर जुने असू शकते, अशा अर्थाचा संदेश मोबाइलवर येऊ लागला. यंत्रात काहीही बिघडले नव्हते. कास्ट करण्यापूर्वी मोबाइल समोरच्या यंत्राचे डिजिटल प्रमाणपत्र तपासतो, आणि ही प्रमाणपत्रे ज्या वरच्या प्रमाणपत्राच्या आधारे दिली गेली होती त्याची दहा वर्षांची मुदत त्या दिवशी संपली. मुदत संपलेल्या ओळखपत्रावर पहारेकऱ्याने ओळखीच्या माणसालाही दारात अडवावे, तसा हा प्रकार होता.

यंत्र रुसले की ते रिसेट करायचे, हा आपण सर्वांनी अंगी बाणवलेला उपाय. या वेळी तोच महागात पडला. ज्यांनी यंत्राला हात लावला नाही त्यांचे क्रोमकास्ट घरच्या वायफायवर होतेच. मोबाइल त्याला ओळखत नसला तरी ते स्वतः इंटरनेटपर्यंत पोहोचू शकत होते, आणि काही दिवसांत गुगलने दुरुस्तीचे अपडेट पाठवताच ते पुन्हा चालू लागले. ज्यांनी फॅक्टरी रिसेट केले त्यांच्या यंत्रातून वायफायचा पासवर्डही पुसला गेला. नव्याने जोडणी मोबाइलवरूनच करावी लागते आणि मोबाइल तर त्या यंत्रावर विश्वासच ठेवत नव्हता. त्यांना गुगल होम या अ‍ॅपच्या सुधारित आवृत्तीसाठी आणखी थांबावे लागले. रिसेट करू नका, असे गुगलने कळवले खरे, पण तोवर अनेकांनी ते करून टाकले होते. प्रमाणपत्राची मुदत केव्हा संपणार हे ते तयार होतानाच ठरलेले असते. दहा वर्षे हाताशी असताना हे अपडेट महिनाभर आधी पोहोचायला हवे होते, आणि ही चूक मला लहान वाटत नाही. तरीही निर्मिती थांबलेल्या, इतक्या जुन्या आणि स्वस्त वस्तूसाठी कंपनीने दुरुस्ती पाठवली. तिला ते टाळता आले असते. परीक्षणात या गोष्टीला मी पूर्ण गुण देतो.

प्रत्येक अपडेट असे उपकारक नसते. घरातील दुसऱ्या खोलीत वेगळ्या कंपनीचा स्मार्ट टीव्ही आहे. पूर्वी तो चालू करताच सेट-टॉप बॉक्सवरचे चॅनल दिसत असे. एका अपडेटनंतर आधी होम स्क्रीन उघडू लागली, तिच्या वरच्या भागात जाहिरात असते, आणि आईला रोज बाणाचे बटण दाबत दाबत इनपुटपर्यंत जावे लागते. पूर्वीची आवृत्ती परत आणण्याची सोय नाही. विकत घेतलेल्या वस्तूचे वागणे विक्रीनंतर असे बदलणे हा ग्राहकावरचा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. क्रोमकास्टने आमच्याकडे असे काही केलेले नाही. त्याच्या रिकाम्या पडद्यावर अजूनही छायाचित्रे आणि घड्याळच दिसते.

प्रश्न उरतो तो पुढच्या आयुष्याचा. २०१३ मधल्या पहिल्या पिढीच्या क्रोमकास्टचा सपोर्ट गुगलने २०२३ मध्ये थांबवला, म्हणजे त्याला सुरक्षेची अपडेटही आता मिळत नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये क्रोमकास्टची निर्मितीच बंद करून कंपनीने गुगल टीव्ही स्ट्रीमर आणला. आपल्याकडे खोक्यावर किंमत, निर्मितीचा महिना आणि ग्राहक सेवेचा पत्ता छापलेला असतो. अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळतील हे मात्र छापलेले नसते. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या वस्तूंच्या कंपन्यांना सुरक्षा अपडेटचा किमान कालावधी जाहीर करणे बंधनकारक केले आहे. अशी तरतूद इथेही व्हावी, कारण टीव्हीवर काही हजार रुपये खर्च करणाऱ्या कुटुंबाला ही माहिती किमतीइतकीच उपयोगाची आहे.

ज्यांच्याकडे हे क्रोमकास्ट आहे त्यांनी ते निःशंकपणे वापरावे. चालू असेपर्यंत बदलण्याचे कारण नाही. जुन्या बाजारात ते शोधणाऱ्यांनी मात्र पेनड्राइव्हसारखी लांबट पहिली पिढी घेऊ नये. गोल चकती असली तरी पैसे देण्यापूर्वी ती टीव्हीला लावून, स्वतःच्या मोबाइलमधील गुगल होम अ‍ॅप अद्ययावत करून, जोडणी शेवटपर्यंत पूर्ण होते का ते पाहावे आणि एखादा व्हिडिओ कास्ट करून बघावा. मार्च २०२५ पासून कपाटात पडून असलेले यंत्र असेल तर अपडेट उतरेपर्यंत थोडा वेळ द्यावा, आणि विक्रेता एवढे थांबायला तयार नसेल तर व्यवहार करू नये.