पुण्याच्या कसब्यातल्या जुन्या वाड्यातले कामाचे गाळे : बावीस महिन्यांनंतर

माझं काम बाइंडिंगचं. विद्यार्थ्यांचे प्रबंध, वकिलांच्या फायली, हिशेबाच्या वह्या यांवर पोट चालतं आणि जुन्या पुस्तकांची दुरुस्ती मी जीव लावून करते. वडलांचा गाळा अप्पा बळवंत चौकाजवळ होता. ती इमारत पुनर्विकासाला गेली, आमचं नाव भाडेकरूंच्या यादीत नव्हतं, त्यामुळे नव्या इमारतीत आम्हाला जागा नव्हती. सगळ्यांनी सांगितलं, नऱ्हे-आंबेगावला शेड घे, स्वस्त पडेल. पण माझं गिऱ्हाईक पायी येतं. पुस्तक दुकानात घेतं, फाटलेलं घरून आणतं आणि दोन्हींच्या मधे माझ्याकडे डोकावतं. नऱ्ह्याला कोण डोकावणार?

तेव्हा हा वाडा सापडला. दिंडी दरवाज्यातून वाकून आत आलं की चौक, तिन्ही बाजूंना सोपा, तळखड्यांवर उभे सागवानी खांब, वर कडीपाटाची, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांची, माडी. मालक तिघे चुलतभाऊ. बिल्डरला देऊन तिथे पार्किंग आणि वर सहा मजले करायचा प्रस्ताव त्यांच्याकडेही होता. त्यांनी तो नाकारला, पदरचे पैसे घालून वाडा दुरुस्त केला आणि खोल्या छोट्या धंद्यांना द्यायला सुरुवात केली. आज अकरा खोल्या चालू आहेत. माझी तळमजल्यावर, ओटीला लागून, १८० चौरस फूट. भाडं महिना ९,००० रुपये, अनामत ५०,०००. पेठेत रस्त्यावरचा गाळा या पैशात मिळत नाही.

आधी भिंतींबद्दल, कारण माझा सगळा जीव कागदात आहे आणि कागदाचा वैरी ओल. जुन्या विटांच्या भिंतीला यांनी चुन्याचाच गिलावा केला. वेळ जास्त लागला, गवंडी शोधावा लागला, पण दोन्ही पावसाळ्यांत माझ्या खोलीच्या तीन भिंती कोरड्या राहिल्या. चौथी भिंत, मोरीच्या बाजूची, घाईत सिमेंटनं लिंपली होती. जुलै उजाडला की तिथे गुडघाभर उंचीवर पोपडे सुटतात. जुनी भिंत जमिनीतलं पाणी ओढून घेते आणि चुन्यातून हळूहळू बाहेर टाकते. सिमेंटनं तो रस्ता बंद होतो आणि पाणी आतच कोंडतं. एकाच खोलीत दोन्ही प्रकार शेजारी शेजारी बघायला मिळतात. जुनं घर दुरुस्त करायचं मनात असलेल्या कुणालाही मी ती भिंत आनंदानं दाखवीन. रेक्झिनचे गठ्ठे मी त्या बाजूला ठेवत नाही आणि पुठ्ठ्याखाली पाट घालते. ती भिंत खरवडून पुन्हा चुन्यात करून देतो असं मालकांपैकी धाकट्या भावानं गेल्या दिवाळीत सांगितलं, अजून झालेलं नाही.

माझं कटिंग मशीन अर्ध्या टनाचं आहे. ते माडीवर चढवू नका, कडीपाटाला पेलणार नाही, हे त्यांनी आपणहून सांगितलं आणि मला तळमजला दिला. एक खोली रिकामी राहील म्हणून कुणी गप्प बसलं असतं. हे बसले नाहीत, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

आता शेजार. ही या जागेची खरी कमाई. समोरच्या सोप्यात एक काका वाजवायच्या पेट्या दुरुस्त करतात, भात्याचं कापड आणि कातडं ते माझ्याकडून चिकटवून घेतात. माडीवर एक ताई भाजणी आणि मेतकूट करतात, त्यांच्या पुड्यांची लेबलं आम्ही माझ्या मशीनवर कापतो. कोपऱ्यातला शिंपी गणपतीच्या आधी दोन महिने ढोलपथकांच्या कुर्त्यांत बुडालेला असतो आणि एरवी मला पुस्तकांच्या पाठीचे कापडी कणे शिवून देतो. मी कापड रविवार पेठेत कापडगंजात घेते, फेविकॉलचे डबे बोहरी आळीतून. दुपारचा डबा गल्लीतल्या खानावळीतून येतो, अकरा खोल्यांचे मिळून रोज पंधरा-सोळा डबे. खानावळीच्या वहिनींनी त्यावर एक बाई कामाला ठेवली. माझ्या खोलीत आलेला रुपया संध्याकाळपर्यंत चार घरं फिरून येतो आणि ती चारही घरं चालत जायच्या अंतरावर आहेत. इथे सहा मजले उभे राहिले असते तर वर राहणारे लोक सकाळी गाडी काढून हिंजवडीला गेले असते, खाली एखादं मोबाइलचं दुकान आलं असतं, आणि पेटीवाल्या काकांना पुण्यात कुठेही बसायला जागा उरली नसती.

२९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट मेट्रो सुरू झाली तेव्हापासून कसबा पेठ स्टेशनवरून लोक चालत येतात. पिंपरीचं गिऱ्हाईक मला पूर्वी कधीच नव्हतं, आता आहे. प्रबंधाच्या पाच प्रती पिशवीत घालून मुलं येतात, तासभर चौकात बसतात आणि घेऊनच जातात.

अडचणी सांगते. बोळात टेम्पो शिरत नाही, कागदाची रिमं नाक्यावरून हातगाडीनं आणावी लागतात आणि दर खेपेला १५० रुपये जातात. अकरा खोल्यांना एकच स्वच्छतागृह आहे, बायका पाच आहोत, हे बरोबर नाही. हे मी तोंडावर सांगितलं आहे आणि इथेही लिहिते. वीज पुरते, पण पावसाळ्यात दुपारी गेली की तासभर येत नाही.

माझी मोठी तक्रार मात्र कराराची आहे. इथे करार अकरा महिन्यांचाच होतो. पहिले अकरा संपले, दुसरे आता संपत आले. दर वेळी शेवटच्या दोन महिन्यांत मी नवीन मोठं काम हातात घेत नाही, कारण मशीन इथे राहणार का हेच माहीत नसतं. अर्ध्या टनाचं मशीन अकरा महिन्यांच्या भरवशावर कुणी हलवत नाही. फळ्या भिंतीत बसवू की नको, कळत नाही.

मालकांची भीती मला समजते. त्यांच्या आजोबांनी याच वाड्यात भाडेकरू ठेवले आणि १९४७ च्या भाडे कायद्यानं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला अडकलं. पुढे १९९९ च्या कायद्यानं वर्षाला ४ टक्के वाढ दिली. पण चाळीस रुपयांवर चार टक्के म्हणजे एक रुपया साठ पैसे, त्यात कौलं फेरता येत नाहीत. पेठेतले कितीतरी वाडे असेच गळून पडले. त्यामुळे कुणाला जास्त काळ जागा द्यायची म्हटलं की यांच्या पोटात गोळा येतो.

पण आमचा करार भाडेकरूचा नाही, लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे मुदतीपुरत्या वापराच्या परवानगीचा आहे. त्यात जागेचा हक्क मालकाकडेच राहतो, मग तो अकरा महिन्यांचा असो की छत्तीस. अकराची सवय पडली ती १९०८ च्या नोंदणी कायद्यामुळे, कारण वर्षावरच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची होती आणि लोक ती चुकवत. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचं असो, लेखी आणि नोंदलेलंच लागतं. म्हणजे अकरावर थांबून वाचत काहीच नाही. मुद्रांक शुल्क साठ महिन्यांपर्यंत ०.२५ टक्के. माझ्या भाड्यावर आणि अनामतीच्या व्याजावर छत्तीस महिन्यांचा हिशेब केला तर साडेआठशेच्या आसपास येतो. उलट दर अकरा महिन्यांनी नोंदणीचे १,००० रुपये पुन्हा जातात, एजंटाचे वेगळे. भाडं दर वर्षी किती वाढायचं ते करारातच लिहावं, मी तयार आहे.

विश्रामबागवाड्यावरून मी रोज जाते. दुसऱ्या बाजीरावाचा राजवाडा, १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा आली, १८७९ मध्ये एक भाग जळाला, पुन्हा उभा केला, पुढे नगरपालिकेच्या कचेऱ्या आल्या, टपाल कार्यालय आलं. आत माणसं कामाला येत राहिली म्हणून तो उभा आहे. आमच्या वाड्यालाही तशीच माणसं हवीत, वर्षभरात बोजा उचलून निघणारी नकोत.

पाचापैकी चार तारे देते. हातानं काम करणाऱ्यांनी जागा जरूर बघावी. माडीवर दोन खोल्या सध्या रिकाम्या आहेत, हलक्या कामाला उत्तम, उजेड दक्षिणेचा. माझा करार मे महिन्यात संपतो. मधल्या भावाला मी वरचा सगळा हिशेब कागदावर मांडून दिला आहे आणि मुदतीच्या रकान्यात ३६ लिहिलं आहे. अक्षयतृतीयेपर्यंत सांगतो म्हणाले.