जुन्या पुस्तकाचा रिव्ह्यू: १२० रुपये वसूल, पण टी गायब!

भाच्याची गाईडं घ्यायला शनिवारी पुण्यात अप्पा बळवंत चौकात (एबीसीत) गेलो होतो, तिथे जुन्या पुस्तकांच्या ढिगात इंग्रजी शब्द कुठून आले याचं एक जाडजूड पुस्तक सापडलं. कव्हर फाटलेलं, त्यामुळे नाव-लेखक काही कळत नाही. दुकानवाले काका म्हणाले दीडशे, मी शंभर म्हटलं, शेवटी १२० ला जमलं.

घरी आल्यावर दोन दिवस खाली ठेवलं नाही. सगळ्यात भारी म्हणजे डूलाली. गोइंग डूलाली म्हणजे डोकं फिरणं, आणि ही डूलाली म्हणजे आपली नाशिकजवळची देवळाली! मुदत संपलेल्या गोऱ्या सोल्जरांना तिथल्या कॅम्पात आणून ठेवायचे आणि मायदेशी जाणारी जहाजं फक्त थंडीच्या सीझनला सुटायची, म्हणजे एकदा सीझन हुकला की महिनोन्महिने बसा, ना काम ना धाम, वर ऊन, दारू आणि मलेरिया, मग डोकं फिरणार नाही तर काय. मूळ शब्द डूलाली टॅप, त्यातला टॅप म्हणजे नळ नव्हे, ताप. मामा तोफखान्यात होता, त्याला फोनवर वाचून दाखवलं तर म्हणे, "आम्हाला तिथे तीन वर्षं ठेवलं होतं रे."

मंगूस हा आपलाच मुंगूस, मराठीतनं गेलेला. यावर आई म्हणाली, "मग एवढी फी कशाला भरली इंग्लिश मीडियमची?" डंगरी हे जाडंभरडं कापड मुंबईच्या डोंगरीचं. करी फेवर म्हणजे लोणी लावणं, पण त्यातली करी जेवणातली नाही, घोड्याला खरारा करणं ते हे. चौदाव्या शतकातल्या एका फ्रेंच काव्यात फोव्हेल नावाचा घोडा आहे, सगळे त्याला खरारा करत सुटतात, पुढे इंग्रजांच्या तोंडी फोव्हेलचं फेवर झालं.

आता तक्रारी. पॉश म्हणजे पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम (जाताना डाव्या बाजूची केबिन, परतताना उजव्या), बोटीच्या तिकिटावर छापायचे म्हणे, असं छातीठोक लिहिलंय. तसं एकही तिकीट आजवर कुणाला सापडलेलं नाही, ही निव्वळ लोणकढी थाप आहे. आणि एस नंतर थेट डब्ल्यू! थग बघायला गेलो आणि स्वतःच ठकलो. शेवटी नेटवर १८८६ ची हॉब्सन-जॉब्सन डिक्शनरी उघडून बघितला (हे नाव पण मोहरममधल्या "या हसन, या हुसेन" वरनं पडलंय).

पाचपैकी साडेतीन. पानांचं सांगायला परत गेलो तर काका चहा पीत म्हणाले, "एकशेवीसमध्ये ए टू झेड पाहिजे होय?"