प्रीमियरशिप रग्बी (इंग्लंडची सर्वात वरची रग्बी लीग): २०२३-२४ भारी की २०२४-२५?

दोन्ही सीझनला टीम १०च, कारण २०२२-२३मध्ये वूस्टर, वॉस्प्स आणि मग लंडन आयरिश असे तीन क्लब पैशापायी बुडाले. फायनलला दोन्ही वेळा बाथ हा क्लब, पण चव एकदम वेगळी.

२०२४ची फायनल ८ जूनला, समोर नॉर्थॅम्प्टन. पहिल्या पंचवीस मिनिटांतच बाथच्या बेनो ओबानोला हाय टॅकलसाठी (खांद्याच्या वर धडक) रेड कार्ड, म्हणजे बाथ उरलेला जवळपास तासभर १५ऐवजी १४ जणांवर, आणि तरी पोरांनी मॅच सोडली नाही हो, शेवटची दहा मिनिटं राहिली तेव्हा कुठे नॉर्थॅम्प्टनच्या ॲलेक्स मिचेलने ट्राय (बॉल समोरच्यांच्या गोललाइनपलीकडे टेकवणं) मारला आणि नॉर्थॅम्प्टन २५-२१ जिंकलं. कोर्टनी लॉसचा नॉर्थॅम्प्टनसाठी शेवटचा सामना, निरोप असावा तर असा.

२०२५ला उलटं. समोर लेस्टर. त्यांच्या डॅन कोल आणि बेन यंग्स दोघांचीही शेवटची मॅच, पण कोल बदली म्हणून आला आणि किक मारून मोकळ्या झालेल्या बाथच्या फिन रसेलला उशिरा धडकला, यलो कार्ड (दहा मिनिटं बाहेर)! त्याच पेनल्टीचे ३ पॉइंट रसेलने घेतले. मग लेस्टरने ट्राय मारला, तरी बाथ २३-२१ जिंकलं. १९९६नंतर पहिलं टायटल, आणि २०२१-२२मध्ये हीच टीम तळाला होती बरं का.

मॅच म्हणून मला २०२४चीच भारी वाटते, १४ जणांनी दिलेली झुंज बघायला मिळते कुठे. स्टोरी म्हणाल तर २०२५. कोलचं मात्र अजून वाईट वाटतं.