गुजरीतल्या जिन्याखालचे मामा

साखर कारखान्याच्या काट्यावर माझे 17 हंगाम गेलेत. भरलेली गाडी, रिकामी गाडी, मोळीच्या बांधणीची वजावट आणि त्या वजावटीवरून रोजची भांडणं. त्यामुळं कुणी काही तोलायला लागलं की माझं लक्ष माणसाच्या तोंडाकडं जात नाही, आकड्याकडं जातं. हे आधीच सांगते, म्हणजे पुढं कोल्हापूरच्या गुजरीतल्या, सोनारांच्या गल्लीतल्या, मामा सोनारांकडं मी ग्रॅममागं का लागले ते कळेल.

कागलला एका लग्नात आत्यांचा कोल्हापुरी साज, सोन्याच्या पानापानांचा गळ्यातला दागिना, तुटला. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. अक्षता पडल्या आणि पाठोपाठ साजाची पानं. मांडवातल्या सतरंजीवर आम्ही चौघी बायका गुडघ्यावर बसून वेचत होतो. जवमणी मिळाले, ताईत मिळाला, शंख, कासव, मासा, बेलपान सगळं मिळालं. 21 पानांपैकी 20. भुंगा काही सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी रुमालात बांधून पहिल्यांदा गेले ते मोठ्या काचेच्या दुकानात. नाव लिहीत नाही. एसी, पाणी, चहा, सगळं वेळेवर. पोरगी गोड बोलली, साज काट्यावर ठेवला, 38.9 ग्रॅम. म्हणाली, "मॅडम, हा रिपेअर होणार नाही. एक्स्चेंज करा, नवीन डिझाइन हलकं येतंय." मी विचारलं, यात सोनं किती धरणार? तर म्हणे, आटवल्यावर जे निघेल ते, त्यातून 2 टक्के घट. आणि नव्याची घडणावळ 14 टक्के, वर जीएसटी. म्हणजे आधी आटवायचं, मग आकडा सांगायचा. आमच्याकडं शेतकऱ्याला असं सांगितलं तर तो गाडीसकट काट्यावर झोपेल. रुमाल बांधला आणि उठले.

मामांचा पत्ता मला ऑफिसातल्या शिपाईमावशींनी दिला. पत्ता म्हणजे काय, भाऊसिंगजी रोडवरून गुजरीत शिरायचं आणि जुन्या लाकडी जिन्याखाली ठोकठोक ऐकू येईल तिथं थांबायचं. पाटी नाही. सगळे मामा म्हणतात, मीही म्हणाले. गाडी मात्र बिंदू चौकात लावून चालत या. शनिवार-रविवार अंबाबाईला येणाऱ्या भाविकांची एवढी गर्दी असते की गुजरीच्या तोंडाशी स्कूटर टेकवायलाही जागा मिळत नाही. बसायला एक स्टूल आहे, त्यावर आधीच कुणीतरी असतं. एसीचं विसरा, शेगडीची धग गालाला लागते.

मामांनी रुमाल सोडला, पण काट्याला हात लावला नाही. डोळ्याला भिंग लावलं आणि एकेक पान चिमट्यात धरून उलटं करून बघत गेले. पाच-सात मिनिटं अवाक्षर नाही. मग कासवाचं पान माझ्यापुढं धरलं. "वैनी, हे बघा. हितं पांढरं दिसतंय?" कडीच्या बुडाशी खसखशीएवढा करडा ठिपका होता. पूर्वी कुणीतरी तुटलेली कडी कथलाचा डाख, म्हणजे वितळवलेल्या धातूचा जोड, देऊन चिकटवली होती. मामा म्हणाले, हे तसंच तापवलं तर कथील सोन्यात उतरतं आणि पान खड्डे पडून वाया जातं. आधी खरवडून काढावं लागणार. ते काम ज्यानं केलं त्याला त्यांनी एक शिवी हासडली, मग माझ्याकडं बघून जीभ चावली.

मग लाखेचं प्रकरण निघालं. साजाचं पान म्हणजे ठशावर उठवलेला पातळ पत्रा, आत लाख. जवमणीही तसेच. म्हणून काट्यावर 38.9 दिसलं तरी ते सगळं सोनं नव्हे. उसातल्या पाचटासारखंच की हे, मी म्हणाले, तर मामा पहिल्यांदा हसले. सोनं पंचवीसच्या आसपास असेल, त्यांचा अंदाज. आत्या इतकी वर्षं "साडेतीन तोळ्याचा साज" म्हणत आल्या. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, म्हणजे 40.8. हरवलेला भुंगा आणि झीज धरली तर हिशेब लागतो, पण तो लाखेसकट. आजच्या 10 ग्रॅमच्या तोळ्यानं सोनं अडीचच तोळे. हे आत्यांना अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

आटवायचा का, हे मी विचारलंच. तोळ्याला लाखाच्या वर दर गेल्यावर माणूस विचारतोच. मामांचं उत्तर जसंच्या तसं लिहिते: "आटवा की, तुमचंच हाय. पण दोन घडणावळी जात्यात. एक तुमच्या सासूनं दिलेली, ती मातीत. एक तुम्ही देणार, ती लेक आटवंल तवा मातीत." साज पन्नास वर्षं टिकलाय, पानांना काही झालेलं नाही, तुटला तो दोरा. दोरा दरवर्षी बदलायचा असतो आणि ते सोनाराचं कामच नव्हे. त्यासाठी दोऱ्यात दागिने ओवणाऱ्या पटवेकऱ्याकडं जायचं, गाठवून घ्यायचं. किती लागतात त्याला? काहीशे रुपये. आम्ही बारा वर्षांत एकदाही गाठवला नव्हता. घामानं आणि अत्तरानं दोरा आतून कुजतो आणि वरून कळत नाही.

म्हणजे काम उरलं तीन कड्यांचं आणि एका भुंग्याचं. कडीला डाख द्यायचा तर आधी पानातली लाख काढावी लागते, नाहीतर आच लागल्याबरोबर ती उकळून बाहेर येते. डाख झाला की लाख परत भरायची. मामांनी ती तीन पानं माझ्यादेखत रिकामी केली, सोनं वेगळं तोललं, लाख वेगळी तोलली आणि चिठ्ठीवर लिहून दिलं. मी न मागता. एवढ्या एका गोष्टीसाठी मी पाचपैकी पाच द्यायला तयार होते.

पण पाच देत नाही. 11 दिवस सांगितले आणि 26 लावले. फोन उचलत नाहीत. दोनदा गेले तर "आज लाइट नव्हती" आणि "भुंग्याचा ठसा मिळंना". ठशाचं कारण खरं होतं. त्यांच्याकडच्या डब्यात चंद्र, नाग, कमळ सगळे होते, भुंगा नव्हता. वरच्या मजल्यावर बंगाली कारागिरांची खोली आहे, तिथंही नव्हता. शेवटी पलीकडच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून मागून आणला. सोनं माझंच दिलं, आत्यांच्या कुडीची एक फिरकी फुटकी पडून होती ती. मजुरी सगळी मिळून 2,800 रुपये. भुंगा आल्यावर त्यांनी विचारलं, बाकीची पानं जुनी तांबूस आहेत, हे झळकतंय, जरा मंद करू का? मी नको म्हणाले.

दुसरी तक्रार पावतीची. हाती मिळाली ती फक्त चिठ्ठी. चिठ्ठीवर वजनं बरोबर आहेत, पण उद्या काही झालं तर ती चिठ्ठी घेऊन मी कुणापुढं उभी राहू? माझ्यासारख्या हिशेबाच्या बाईला हे खटकतं. दागिना टाकून यायचा असेल तर आधी पुढून-मागून फोटो काढून ठेवा. मी काढले होते, मामांनीही वाईट वाटून घेतलं नाही.

त्याच फेऱ्यांत लेकीच्या लग्नाचं काम निघालं. तिला माझी मोत्यांची नथ हवी, पण नाक टोचायचं नाही. दुसऱ्या एकानं तार कापून दाब, म्हणजे न टोचलेल्या नाकाला धरणारी चिमटी, बसवून देतो म्हणून सांगितलं होतं. मामांनी नथ हातात घेतली आणि म्हणाले, तार कापायची नाही. मोती ओवलेला दागिना आचेजवळ न्यायचा म्हणजे सगळे मोती उतरवून परत बांधायचे, आणि एक गेला तर त्या रंगाचा जुना मोती मिळत नाही. त्यांनी तारेच्या टोकाला अडकवायचा सुटा दाब करून दिला. काढला की नथ पहिल्यासारखी. लेकीनं घालून बघितली, जरा लोंबते. जरा म्हणजे फोटोत दिसेल एवढी. मामा म्हणतात सवय होईल. लेक म्हणते दोन दिवसात कसली सवय. यावर घरात अजून एकमत नाही.

मंगळसूत्र मात्र मामा विकत नाहीत, तयार माल ठेवतच नाहीत. पण कुठंही घ्या, हे बघा म्हणून सांगितलं आणि ते फार उपयोगी पडलं. काळे मणी सोन्याच्या भावानं तोलून घेऊ नका, निव्वळ सोन्याचं वजन बिलावर वेगळं लिहून घ्या. खडे असतील तर त्यांचंही वजन वेगळं. परत करताना काय कापणार, तेही बिलावरच, तोंडी नको. हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेचा शिक्का, बघा म्हणाले, पण कसा बघायचा ते त्यांना येत नाही. ते मीच त्यांना शिकवलं. 16 जून 2021 पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला आणि 1 एप्रिल 2023 पासून दुकानदाराला सहा अक्षर-अंकांच्या एचयूआयडीशिवाय, म्हणजे त्या दागिन्याच्या स्वतंत्र नंबराशिवाय, हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तो नंबर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये घातला की दागिना कुठला, किती शुद्धतेचा आणि कुठल्या केंद्रात तपासला ते दिसतं. आम्ही एका दुकानात काउंटरवरच नंबर घातला. हातात मंगळसूत्राच्या वाट्या आणि मोबाइलवर आलं अंगठी. विक्रेता म्हणाला, सर्व्हरचा प्रॉब्लेम असेल. आम्ही दुसऱ्या दुकानात गेलो, तिथं बरोबर आलं, तिथं घेतलं.

जुन्या दागिन्यांवर असा नंबर नसतो, म्हणून आत्यांच्या भरीव पाटल्या मी हॉलमार्किंग केंद्रात नेल्या. चार नगांपर्यंत 200 रुपये आणि वर जीएसटी, लेखी रिपोर्ट मिळतो. 22 कॅरेट म्हणून घेतलेल्या पाटल्या 20 कॅरेटच्या निघाल्या, म्हणजे हजार भागांत सोनं 916 च्या जागी 833. आता मोड घालायची वेळ आली तर निदान कुणी 18 सांगून गंडवणार नाही. मामांनी कसोटीच्या दगडावर घासून मला आधीच "इसाच्या हायत" म्हणून सांगितलं होतं. मी विश्वास ठेवला नव्हता, त्याबद्दल 200 रुपये गेले.

हिऱ्याचं विचारू नका. जावयाच्या अंगठीसाठी लॅबमधला हिरा घ्यावा का म्हणून विचारलं, तर मामा म्हणाले, "त्यातलं मला काय कळत न्हाई, सर्टिफिकीटवाल्याला विचारा," आणि कानस घासायला लागले.

साज घरी आणला तेव्हा काट्यावर 40.1 भरला, नव्या दोऱ्यासकट. आत्या पलंगावर बसून पानं मोजत होत्या, अंगठ्यानं एकेक पुढं सारत. 21 झाली. परत मागं आल्या, भुंग्यावर थांबल्या आणि म्हणाल्या, "ह्यो आमचा न्हवं." मग गळ्यात घातला आणि आरसा मागितला.

पुढच्या दिवाळीला गाठवायचा आहे आणि जवमण्यांतले दोन चेपलेत तेही मामांना दाखवायचेत. या वेळी दसऱ्यालाच नेऊन टाकणार.