धामापूरच्या तलावावर कागदी सूक्ष्मदर्शक

स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी विकसित केलेला फोल्डस्कोप हा घडीचा सूक्ष्मदर्शक मी मालवण तालुक्यातल्या धामापूर तलावाच्या पाण्यासाठी वापरतो. १५३० साली बांधलेल्या या तलावात जिवाणूंना आवर कोण घालते, याचे निम्मे उत्तर, म्हणजे जिवाणूंना खाणारे भक्षक, हे साधन उत्तम दाखवते; दुसरे निम्मे, म्हणजे विषाणू, त्यात दिसत नाहीत.

सुमारे १४० पट मोठी प्रतिमा आणि जवळपास २ मायक्रोमीटरपर्यंतचा तपशील, एवढी त्याची क्षमता आहे. पाणवनस्पतीच्या पानावरून खरवडलेल्या थेंबात रोटिफर हा पाण्यातला सूक्ष्म प्राणी सहज सापडतो. डोक्यावरच्या रोमांची, म्हणजे बारीक केसांसारख्या तंतूंची, दोन वलये चाकांसारखी फिरताना भासतात, भोवतालचे कण त्या भोवऱ्यात ओढले जातात आणि पारदर्शक शरीराच्या आत जबड्याची हालचाल चालू असलेली स्पष्ट दिसते. हे दृश्य कितीही वेळ पाहिले तरी माझे समाधान होत नाही. जिवाणूंचे मुख्य भक्षक असलेले कशाभिकाधारी (चाबकासारख्या शेपटीने पोहणारे) एकपेशीय जीव मात्र धावत्या ठिपक्यांएवढेच दिसतात.

तलावातले बहुतेक जिवाणू १ मायक्रोमीटरहूनही लहान असल्याने ते या भिंगाच्या आवाक्याबाहेर राहतात आणि विषाणू तर कोणत्याच साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाहीत. म्हणून शाळांमध्ये हे साधन ‘जिवाणू पाहा’ असे सांगून दाखवले जाते, ते मला खटकते. गोड्या पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण १० लाख जिवाणू आणि त्यांच्या दहापट विषाणू असतात. जिवाणूची जी जात फोफावते, तिची तिच्या विषाणूशी गाठ अधिक वेळा पडते; विषाणूमुळे जिवाणूची पेशी फुटते, तिच्यातली द्रव्ये पाण्यात विरघळतात आणि उरलेले जिवाणू त्यांवरच पोसले जातात. भक्षकाने गिळलेला जिवाणू मात्र अन्नसाखळीत वर, माशांपर्यंत पोहोचू शकतो. मुलांना रोटिफर दाखवताना शिक्षकांनी हा फरक अवश्य सांगावा.

कागद पाण्याने खराब होत नसल्याने कोकणातल्या पावसाळ्यातही साधन टिकते, परंतु ढगाळ दिवशी प्रकाश अपुरा पडतो, तेव्हा मोबाइलचा टॉर्च जवळ ठेवावा. नमुना काठावरच पाहावा. बाटलीत भरून ठेवलेल्या पाण्यात भक्षकांचे खाणे आणि विषाणूंची वाढ चालूच राहते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत जीवांचे प्रमाण बदललेले असते.