जावा १७ चा सराव संच: पाच महिन्यांनंतर

जानेवारीत सोलापुरात गड्ड्याची जत्रा चालू होती तेव्हा सराव प्रश्नांचा हा ऑनलाइन संच घेतला आणि जूनमध्ये परीक्षा दिली. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या १७ व्या आवृत्तीवर ओरॅकल कंपनी जी प्रमाणपत्र परीक्षा घेते, त्या जावा एसई १७ च्या परीक्षेत ९० मिनिटांत ५० प्रश्न असतात, पास व्हायला ६८ टक्के लागतात. एका प्रश्नाला धड दोन मिनिटंही मिळत नाहीत.

पहिला महिना वाईट गेला. कामावर रोज जावाच लिहिते, तरी गुण पन्नास टक्क्यांच्या पुढे सरकेनात. चूक वाचण्यात होती. कोड दिसला की मी थेट आउटपुट काढायला बसायचे. ‘कंपाइल होत नाही’, म्हणजे कोड चालण्याआधीच अडतो, हा पर्याय समोर असूनही तिकडे लक्षच जायचं नाही. रिटर्नच्या खाली एक ओळ जास्तीची असते, किंवा लॅम्डात, म्हणजे छोट्या निनावी फंक्शनमध्ये, वापरलेल्या व्हेरिएबलला पुढे पुन्हा किंमत दिलेली असते; दोन्ही जावाला चालत नाही. प्रश्न तिथेच संपलेला असतो आणि मी आपली खाली लूप मोजत बसलेली.

ही सवय या संचाने मोडली. एक प्रश्न अजून डोळ्यांसमोर आहे. दोन इंटिजर व्हेरिएबल (साधे int नव्हे, ऑब्जेक्टवाले Integer), दोन्हींत थेट १२७ लिहिलेलं, डबल इक्वलने (==) तुलना केली तर ट्रू. खाली तेच १२८ घेऊन केलं तर फॉल्स! रात्रीचे साडेअकरा, पूर्व भागातल्या आमच्या गल्लीत यंत्रमागांची खटखट चालू, आणि मी जेशेलमध्ये, म्हणजे जावाची ओळ लगेच चालवून दाखवणाऱ्या साधनात, तेच परत परत टाइप करून बघतेय. उणे १२८ ते १२७ पर्यंतच्या आकड्यांचे इंटिजर ऑब्जेक्ट जावा साठवून ठेवते आणि तेच परत देते. १२८ ला दोन वेगळे ऑब्जेक्ट झाले, आणि डबल इक्वल तर ऑब्जेक्ट एकच आहे का एवढंच बघतं. तेव्हापासून डबल इक्वल दिसलं की आधी दोन्ही बाजूंचा टाइप बघते.

आता तक्रार. इंटरफेसमधल्या (क्लासने कोणत्या मेथड द्यायच्या ते ठरवणारा साचा) प्रायव्हेट मेथडच्या प्रश्नाला ‘कंपाइल होत नाही’ हे उत्तर दिलंय. जावा ८ पर्यंत ते बरोबर होतं, ९ पासून अशी मेथड चालते. जुना प्रश्न १७ च्या नावाखाली तसाच ठेवलाय. दोन दिवस मला वाटत राहिलं, माझंच काहीतरी चुकतंय. कळवलं, तर उत्तर नाही. पैसे मोजून घेणाऱ्या पोरांना हे परवडत नाही हो. स्पष्टीकरणंही काही ठिकाणी एका ओळीत उरकलीत.

तरी पास झाले, आणि त्यात या संचाचा वाटा मोठा आहे. घ्यायचा तर जरूर घ्या, फक्त शेजारी जेशेल उघडं ठेवा. चुकीची उत्तरं मी वहीत उतरवून ठेवली होती. ती वही सध्या मैत्रिणीकडे आहे, तिची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.